जुनी गाडी घेताना आणि विकताना

दोन आसनांची गाडी म्हटले की आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाकीचे कुठे बसणार?" आपल्याकडे गाडी माणसे मोजून घेतली जाते. अम्मी-अब्बा, दोन मुले, ईदला गावी जाताना सोबत येणारी एखादी खाला आणि डिकीत तांदळाची गोण. छत मागे दुमडता येणारी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, दोघांपुरतीच स्पोर्ट्स कार आपण बहुतेकांनी चित्रपटातच पाहिलेली असते. भारतात अशा गाड्या रुजल्याही नाहीत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची अशी एक छोटी गाडी तयार होऊ लागली होती. रस्त्यावर मात्र ती क्वचितच दिसली.

ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळी आहे. एमजी, ट्रायम्फ, लोटस या तिथल्याच कंपन्यांनी अशा उघड्या गाड्यांची आवड लोकांना लावली. पाऊस तिथे आपल्या कोकणाइतका धो धो नसला तरी बारमाही, आणि ऊन मोजके. तरीही उन्हाचे चार दिवस मिळाले की छत उघडून निघायचे, ही तिथली हौस. त्यामुळे वीस वर्षे जुनी दोन आसनांची गाडी तिथे एखाद्या साध्या जुन्या गाडीच्या भावात मिळून जाते.

आमचा भाचा लेस्टरला फार्मासिस्ट आहे. वय सत्तावीस, अजून लग्न व्हायचे आहे. कोकणातल्या अनेक घरांतली मुले आज तिकडे आहेत, त्यांतलाच एक. त्याला अशी गाडी घ्यायची होती. त्याची अम्मी, म्हणजे आमच्या आपा, नाराज होत्या. "पैसे उडवायचे धंदे," एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढचा निर्णय आमच्यावर टाकला. शाळामास्तराला गाडीतले काय कळते, असे वाचक म्हणतील. इंजिनातले फार कळत नाही, खरे आहे. पण उत्तरपत्रिका तपासण्यात आमची वीस वर्षे गेली आहेत. वरचे अक्षर सुंदर असले तरी आत उत्तर बरोबर आहे का हे पाहायची सवय आहे. जुनी गाडी घेतानाही नेमकी तीच सवय लागते.

आधी हिशेब

हौसेला इस्लामने मनाई केलेली नाही. मनाई आहे ती इस्राफला, म्हणजे उधळपट्टीला, आणि ऐपतीबाहेर जाऊन मिरवण्याला. आम्ही भाच्याला चार प्रश्न विचारले. घरी दर महिन्याला जाणारे पैसे चालू राहणार का? शिक्षणासाठी नातेवाइकांकडून घेतलेली रक्कम फिटली का? गाडीसाठी साठवलेल्या पैशांवर चांद्रवर्ष उलटले असेल तर त्यांची जकात दिली का? (वापरातल्या गाडीवर जकात नाही, पण गाडीसाठी बाजूला ठेवलेली रोकड निसाबाइतकी असेल आणि तिच्यावर वर्ष झाले असेल, तर जकात आहे. हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.) आणि चौथा, व्याजाचा एक पैसाही लागणार नाही ना? चारही उत्तरे समाधानकारक आली. तेव्हा आम्ही आपांना सांगितले की, मुलाने कमावलेले आहे, हलाल आहे, घेऊ द्या.

त्याच्याकडे रोख साडेतीन हजार पौंड होते. जुनी पाच दरवाजांची छोटी गाडी विकून आणखी १३०० येतील, असा त्याचा अंदाज होता. एकूण ४८००. साहेबांनी लगेच ४५०० पौंडांच्या गाड्या पाहायला सुरुवात केली!

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. हातातली सगळी रक्कम ही गाडीची किंमत नव्हे. ब्रिटनमध्ये विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि तरुण चालकाला, त्यातही स्पोर्ट्स कारला, विमा महाग पडतो. म्हणून गाडी आवडण्याआधी तिच्या विम्याचा आकडा काढावा. विमा मासिक हप्त्यांनी भरला तर त्यावर बहुधा व्याज लागते. रोड टॅक्स महिन्याने किंवा सहामाहीने खात्यातून कापून दिला तर पाच टक्के जादा जातात. आपल्याला व्याज टाळायचे असेल तर वर्षाचे पैसे एकरकमी भरायची तयारी हवी. म्हणजे ती रक्कमही आधीच बाजूला काढावी लागते. भाच्याच्या बाबतीत विमा आणि टॅक्स मिळून साधारण १२०० झाले. जुनी गाडी घरी आली की पहिल्या महिन्यात तिचे काही ना काही निघतेच. टायर, बॅटरी, ब्रेक, पट्टा. त्यासाठी ६५० ठेवायला सांगितले. उरले २९५०. तीच गाडीची खरी किंमत.

लंडन किंवा बर्मिंगहॅममध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. तिथे धुराचे प्रमाण ठरवून दिलेले आहे. पेट्रोल गाडी 'युरो ४' दर्जाची नसेल तर शुल्काच्या हद्दीत गाडी चालवलेल्या प्रत्येक दिवसाचे लंडनमध्ये साडेबारा पौंड आणि बर्मिंगहॅममध्ये आठ पौंड द्यावे लागतात. २००६ नंतरच्या पेट्रोल गाड्या साधारणपणे सुटतात, त्याआधीच्या काही सुटतात, काही नाही. गाडीचा नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर आधीच तपासता येते. स्वस्त गाडी घेऊन रोज साडेबारा पौंड मोजण्यात शहाणपण नाही.

नाव मोठे, खर्चही मोठा

या रकमेत कोणत्या गाड्या येतात? सगळ्यांत जास्त दिसते ती जपानी माझदा एमएक्स-५. ती १९८९ साली आली. जुन्या ब्रिटिश उघड्या गाड्यांची मजा, पण तेल न गळणारी आणि सकाळी पहिल्या झटक्यात चालू होणारी, असा तिचा लौकिक झाला. जगात सर्वाधिक खपलेली दोन आसनांची स्पोर्ट्स कार तीच. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. इतक्या गाड्या असल्यामुळे सुटे भाग मुबलक आहेत आणि ती उघडून बसवणारे मेकॅनिकही गल्लोगल्ली आहेत. तिचा शत्रू एकच, गंज. मागच्या चाकांच्या पुढे, दरवाजाखालचा जो पत्रा असतो तिथे तो आधी धरतो. १९९८ ते २००५ च्या गाड्यांमध्ये पुढच्या बाजूचे चासीचे दांडेही आतून कुजतात. छतावरचे पाणी वाहून जायला आसनांच्या मागे छोटी भोके असतात. ती पाल्यापाचोळ्याने तुंबली की पाणी आत मुरते आणि पत्रा खाते. म्हणून गालिचा उचलून ओल पाहावी.

टोयोटा एमआर-२ ची शेवटची पिढी १९९९ ते २००७ मधली. इंजिन आसनांच्या मागे, चालवायला सुरेख, सामानाला जागा जवळपास नाही. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत एक्झॉस्टमधली धूर शुद्ध करणारी छोटी जाळी झिजून तिचा चुरा इंजिनात जाऊ शकतो. मग इंजिन तेल पिऊ लागते. एमजी एफ आणि त्यानंतरची टीएफ स्वस्त मिळते, पण तिचे हेड गॅस्केट जाण्याबद्दल ती प्रसिद्ध आहे. तेलाच्या झाकणाखाली मलईसारखा पांढरट थर दिसला तर पाणी आणि तेल एकत्र झालेले असू शकते, असे समजून निघावे.

मग येतात मोठ्या नावाच्या गाड्या. बीएमडब्ल्यू झी-३ आणि पोर्शे बॉक्स्टर. भाच्याचे मन इथेच अडकले होते. एक जुनी बॉक्स्टर त्याला जवळजवळ एमएक्स-५ च्याच भावात दिसली. "मामू, पोर्शे! तीन हजारांत!" आम्ही विचारले, ती नवी असताना तिची किंमत किती होती आणि तिचे भाग आज कोणत्या भावाने मिळतात? जुन्या बॉक्स्टरच्या इंजिनात एक बेअरिंग असे आहे की ते तुटले तर अख्खे इंजिनच जाऊ शकते. दर गाडीत ते तुटतेच असे नाही. पण ज्याच्याकडे दुरुस्तीला साडेसहाशे पौंड आहेत, त्याने हा धोका अंगावर घेऊ नये. वय झाले की गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. श्रीमंताने सोडलेली गाडी गरिबाला स्वस्त मिळते, पण तिचा खर्च श्रीमंताचाच राहतो.

कशी तपासायची

ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते. तिला एमओटी म्हणतात. प्रत्येक तपासणीचा निकाल, त्या दिवशीचे मैल आणि तपासनिसाने दिलेले इशारे सरकारी संकेतस्थळावर नुसता नंबर टाकून फुकट पाहता येतात. हा खजिना आहे. भाच्याने पाहिलेली एक लाल गाडी फोटोत आरशासारखी चमकत होती. तिच्या नोंदी काढल्या तर सलग तीन वर्षे खालच्या पत्र्याच्या गंजाचा इशारा, आणि चौथ्या वर्षी एकदम काहीच नाही. गंज आपोआप बरा होत नाही. एक तर वेल्डिंग झाले आहे, किंवा त्यावर काळा जाड थर फासला आहे. वेल्डिंगची पावती मागितली, ती नव्हती. भाचा परत आला.

मैलांचे आकडे वर्षागणिक वाढत गेले पाहिजेत, मध्येच घटले तर काटा फिरवलेला आहे. मोठ्या अपघातानंतर विमा कंपनीने निकालात काढलेली गाडीही दुरुस्त होऊन बाजारात येते. तिच्यावर 'एस' किंवा 'एन' असा शिक्का असतो. 'एस' म्हणजे सांगाड्याला मार बसलेला. त्याची आणि थकलेल्या कर्जाची माहिती थोडे पैसे भरून मिळते. नोंदणीच्या कागदावर ज्याचे नाव असते तो गाडीची नोंद असलेला माणूस असतो, मालक असेलच असे नाही. हे त्या कागदावरच छापलेले असते.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर शिल्लक पण टायर दहा वर्षांचा, असे हौसेच्या गाड्यांत हमखास आढळते, कारण त्या कमी फिरतात. रबर कडक होते आणि मागच्या चाकांवर चालणारी ही हलकी गाडी ओल्या रस्त्यावर घसरते. चार टायर वेगवेगळ्या स्वस्त कंपन्यांचे असतील तर समजावे की मालकाने इतर गोष्टींतही असाच हात आखडला असणार. आधीच्या मालकाने चाके, एक्झॉस्ट किंवा स्प्रिंग बदलले असतील तर विमा कंपनीला सांगावे लागते, नाहीतर वेळेला विमा नाकारला जातो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी गार असताना पाहायला जावे. पोहोचल्याबरोबर बॉनेटला हात लावावा. गरम लागले तर मालकाने आधीच इंजिन चालू करून ठेवले आहे. गार इंजिन चालू होतानाच खरे बोलते. तेव्हाच निळा धूर दिसतो, तेव्हाच खडखड ऐकू येते, तेव्हाच गिअर अडतो. दहा मिनिटांनी सगळे गोड वाटू लागते.

आता आपली गाडी

बॉनेटला हात लावायची गोष्ट आम्ही व्हिडिओ कॉलवर सांगत होतो. भाचा हसून म्हणाला, "हो मामू, हे मला ठाऊक आहे. माझ्या जुन्या गाडीचंही तसंच आहे. सकाळी गार असताना दुसरा गिअर करकरतो. दहा मिनिटं चालली की काही कळत नाही. गॅरेजवाला मित्र म्हणाला, गिऱ्हाईक यायच्या आधी एक चक्कर मारून ये."

आम्ही गप्प राहिलो. मग विचारले, "आणि त्यानं तुझ्या बॉनेटला हात लावला तर?"

तो थोडा वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "इथला कायदा असा आहे मामू, की खाजगी माणसानं गाडी विकताना खोटं बोलायचं नाही. विचारलं तर खरं सांगायचं. पण न विचारलेलं सांगायची सक्ती नाही."

त्याचे म्हणणे बरोबर आहे. ब्रिटनमध्ये दुकानदाराकडून गाडी घेतली तर २०१५ च्या ग्राहक कायद्याने गिऱ्हाइकाला बरेच संरक्षण आहे. सदोष निघाली तर तीस दिवसांत परत करता येते. खाजगी सौद्यात मात्र घेणाऱ्याने स्वतः पाहून घ्यायचे, विकणाऱ्याने केलेले वर्णन खरे असले की पुरे. धोकादायक अवस्थेतली गाडी विकणे हा गुन्हा आहे, पण करकरणारा गिअर त्यात येत नाही.

आपल्यासाठी मात्र गोष्ट इथे संपत नाही. धान्याच्या ढिगाऱ्याची हदीस आपण लहानपणी मदरशात ऐकलेली असते. पैगंबर (स.) बाजारातून जात असताना त्यांनी ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाने भिजल्याचे कारण सांगितले. तेव्हा त्यांनी ओले धान्य वर का ठेवले नाही असे विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही असे बजावले. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. आता नीट पाहा. त्या विक्रेत्याने तोंडाने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. धान्य विकत होता, धान्यच होते. त्याने फक्त कोरडे वर ठेवले होते आणि ओले खाली. गाडी आधी फिरवून गरम करणे म्हणजे कोरडे धान्य वर ठेवणेच नव्हे काय?

फिकहमध्ये 'ऐब' म्हणजे मालातला असा दोष, ज्याने व्यवहारात त्याची किंमत उतरते. तो लपवला गेला आणि नंतर उघड झाला तर खरेदीदाराला सौदा मोडायचा हक्क राहतो. "जशी आहे तशी घ्या" म्हणून विकण्याबद्दल मजहबांमध्ये तपशिलाचे फरक आहेत, ते आपापल्या आलिमांना विचारावेत. पण ठाऊक असलेला दोष झाकून ठेवायची मुभा कोणीच देत नाही. आणि घेणारा मुसलमान असो वा नसो, ओले धान्य ओलेच असते.

हे सगळे आम्ही लांबण न लावता भाच्याला सांगितले. शेवटी म्हटले, "दुसऱ्याची गाडी गार पाहायची आणि आपली गरम दाखवायची, असे दोन तराजू एका घरात ठेवता येत नाहीत." त्याने फोन ठेवला. आम्हाला वाटले, रागावला. पगारावर जगणाऱ्या मुलाला साडेचारशे-पाचशे पौंड म्हणजे काही गंमत नव्हे. आम्ही त्याला शब्दांनी समजावत होतो, किंमत त्याला मोजायची होती.

चार दिवसांनी त्याने विक्रीची जाहिरात आम्हाला पाठवली. तिसऱ्याच ओळीत लिहिले होते की गार असताना दुसरा गिअर करकरतो, कधीतरी गिअरबॉक्सचे काम निघेल. दोन गिऱ्हाइकांनी फोनवरच नकार दिला. तिसरा एक विद्यार्थी सकाळी आला, गार गाडी चालवून पाहिली, करकर ऐकली आणि ८५० पौंड देऊन घेऊन गेला. म्हणजे १३०० ऐवजी ८५०. आता हिशेब असा झाला. साडेतीन हजार आणि ८५० मिळून ४३५०. त्यातून विमा-टॅक्सचे १२०० आणि दुरुस्तीचे ६५० वजा. उरले २५००. ज्या २९०० पौंडांच्या चंदेरी गाडीवर त्याने डोळा ठेवला होता ती हातची गेली. दुरुस्तीच्या पैशातून चारशे काढू का, असे त्याने विचारले. आम्ही नाही म्हटले. आपाही नाही म्हणाल्या. त्या आता चक्क गाडीच्या हिशेबात भाग घेत होत्या.

शेवटी काय घेतले

त्यानंतर पाच आठवडे गेले. एक गाडी विम्यात बसली नाही, एकीचा मालक भेटीच्या वेळी इंजिन गरम करून बसला होता. मग एका निवृत्त गृहस्थांची हिरवी एमएक्स-५ दिसली, २००३ ची. दिसायला साधी, एका दाराला ओरखडा. भाचा गेला तेव्हा बॉनेट गार होते. त्या गृहस्थांनी गाडी दाखवण्याआधी एक जाडी फाइल त्याच्या हातात दिली. पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या. टायमिंगचा पट्टा कधी बदलला, खालच्या पत्र्याचे वेल्डिंग कुठे आणि कधी केले, त्याचे फोटोसुद्धा. मग त्यांनी स्वतःच मोजून सांगितले की छताला डाव्या कोपऱ्यात शिवण उसवली आहे आणि जोराच्या पावसात तिथून थेंब येतात, मागचे दोन टायर सात वर्षांचे आहेत, हीटरचा पंखा सर्वांत कमी वेगावर चालत नाही. किंमत २४००, या दोषांसकट.

भाचा सांगत होता, "मामू, मी काही विचारायच्या आधीच त्यांनी सगळं सांगितलं." ते गृहस्थ मुसलमान नव्हते. शरीअत आपल्याकडून ज्या वागण्याची अपेक्षा करते, ते त्यांनी सहज केले. सांगण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हतीच. आम्हाला हे लिहिताना बरेही वाटते आणि थोडी शरमही वाटते.

गाडी आली. दुरुस्तीच्या पैशांतून दोन टायर आणि छताची शिवण झाली, काही पैसे उरले. आपांना अजूनही ती गाडी बाजारात भाजी आणायच्या उपयोगाची वाटत नाही आणि त्यांचे बरोबरच आहे. लग्न होऊन मूल झाले की ती विकावी लागेल, हेही भाच्याला ठाऊक आहे. म्हणून त्याने फाइलच्या पहिल्या पानावर त्या गृहस्थांनी सांगितलेल्या दोषांची यादी लिहून ठेवली आहे. त्याच्या काळात जे निघेल ते खाली वाढत जाईल आणि पुढच्या माणसाला फाइल तशीच मिळेल.

आपल्याकडे

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकजण दोन आसनांची गाडी घेणार नाहीत. पण जुनी पाच-सात आसनांची गाडी, रिक्षा, स्कूटर घेतो आणि विकतोही. आपल्याकडे खाजगी गाडीची दरवर्षी तपासणी होत नाही. नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पीयूसी म्हणजे केवळ धुराची तपासणी. ब्रिटनसारखा वर्षावर्षाचा लेखी इतिहास आपल्या गाडीला नसतो. म्हणजे घेणाऱ्याला कळायचा मार्ग मुख्यतः विकणाऱ्याची जीभ हाच उरतो. जिथे कागद कमी, तिथे अमानतीचे ओझे जास्त.

म्हणून घेताना आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का पाहावे. कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवून घ्यावा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आरटीओत नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. नुसत्या कोऱ्या सह्या देऊन किल्ली सोपवणाऱ्याच्या दारात उद्या दुसऱ्याच्या अपघाताची नोटीस येऊ शकते. ओळखीच्या मेकॅनिकला त्याची मजुरी देऊन सोबत न्यावे, फुकटच्या मैत्रीवर नव्हे. आणि पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी ओळखण्यासाठी आसनाखालचे पत्रे, गालिच्याचा वास आणि सीट बेल्ट पूर्ण ओढून त्याच्या टोकावरचा चिखलाचा डाग पाहावा. कोकण, कोल्हापूर, सांगलीकडच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

विकताना एक कागद घ्या. गाडीतले जे जे दोष तुम्हाला ठाऊक आहेत ते लिहा, घेणाऱ्याला वाचून दाखवा, त्याची सही घ्या आणि एक प्रत त्याला द्या. याने तुमचीही सुटका होते. उद्या तो दारात येऊन भांडणार नाही. किंमत थोडी उतरेल, भाच्याची उतरली तशीच.

घरात गाडी विकली जाते तेव्हा मुले आसपास असतात. "ते त्याला सांगू नकोस" हे अब्बांचे हळू आवाजातले वाक्य त्यांना आमच्या दीनियातच्या तासापेक्षा जास्त लक्षात राहते. वर्गात आम्ही धान्याच्या ढिगाची हदीस शिकवतो, मुले ती पाठही करतात. ती खरी आहे की फक्त परीक्षेपुरती, हे त्यांना घराच्या अंगणात कळते, गिऱ्हाईक येण्याआधीच्या त्या पंधरा मिनिटांत. अल्लाह आपल्या सर्वांच्या सौद्यांत बरकत देवो. आमीन.